बर्फाविना सांता: उन्हाळ्यात रोव्हानिएमीला जायचं असेल तर

फिनलंडच्या लॅपलंड प्रांतातलं रोव्हानिएमी हे सांताक्लॉजचं अधिकृत गाव म्हणून ओळखलं जातं. शहराबाहेरचं तिथलं 'सांताक्लॉज व्हिलेज' वर्षभर उघडं असतं. या एका वाक्यावर विसंबून मे-जूनच्या सुट्टीत युरोपच्या सहलीला ते जोडून घेणारी कुटुंबं कमी नाहीत. पोचल्यावर मात्र समोर असतं ते डांबरी वाहनतळ, लाकडी घरं, हिरवीगार झाडं, वीस अंश तापमान आणि स्पीकरवर नाताळची गाणी. बर्फाचा कण नाही. मुलं गोंधळतात आणि आईवडील मनातल्या मनात विमानभाड्याचा हिशेब मांडू लागतात.

सगळी सहल या एका गावावर टांगली की असं होतं. उन्हाळ्यात सांताचं गाव हा तीन-चार तासांचा कार्यक्रम आहे. सहलीचा खरा ऐवज म्हणजे न मावळणारा सूर्य, नद्या आणि जंगल. त्यांच्याभोवती आखणी केली आणि सांताला त्यात एक दुपार दिली तर मुलंही खूश राहतात. डिसेंबरच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो आणि रांग जवळजवळ नसते, हा वरचा फायदा.

आठवडा कोणता निवडायचा

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीचा विचार केला तर एप्रिलअखेर आणि मे हा काळ डोळ्यांसमोर येतो. लॅपलंडसाठी तो सगळ्यात वाईट काळ. बर्फ वितळत असतो, नद्यांना पूर असतो, पायवाटांवर चिखल आणि झाडांना पानं नाहीत. हिवाळ्यातले खेळ संपलेले असतात आणि उन्हाळ्याचे सुरू झालेले नसतात. पालवी फुटायला मे महिन्याची अखेर उजाडते.

रोव्हानिएमीत सूर्य न मावळण्याचा काळ साधारण ६ जून ते ७ जुलै. डासांचा जोर जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की उत्तर आपोआप मिळतं: ६ ते १४ जून. सूर्य चोवीस तास वर, डास जेमतेम सुरू, आणि आपल्याकडच्या बहुतेक शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. या दिवसांत दुपारी १५ ते १८ अंश आणि पहाटे ५ ते ८ अंश धरून चला. जुलैत दुपार सरासरी विशीत जाते, कधी तिशीलाही टेकते, पण पाऊसही जुलै-ऑगस्टमध्येच जास्त. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रात्री पुन्हा काळोख्या होतात आणि आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा, रात्रीच्या आकाशातला हिरवट प्रकाश) दिसू शकतो. जून-जुलैत तो दिसणं शक्यच नाही, कारण आकाश काळं होतच नाही. एजंटाने जूनच्या सहलीच्या जाहिरातीवर हिरव्या प्रकाशाचं चित्र छापलं असेल तर एजंट बदला.

एक तारीख टाळायलाच हवी. २० ते २६ जूनमधला शनिवार म्हणजे 'युहान्नुस', फिनलंडचा मध्य-उन्हाळ्याचा सण. २०२६ मध्ये तो २० जूनला आणि २०२७ मध्ये २६ जूनला येतो. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपासूनच शहर ओस पडायला लागतं. लोक तळ्याकाठच्या घरांना जातात, दुकानं आणि संग्रहालयं बंद होतात, बसफेऱ्या तुटपुंज्या राहतात. सण म्हणून तो सुंदर आहे, पण फिनलंडमध्ये ओळखीचं घर नसलेल्या पाहुण्याला बंद दारंच दिसतात.

व्हिसा आणि सामान

लागतो तो अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. पण एप्रिल-मेमध्ये मुंबईत अर्जाची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून जूनच्या प्रवासासाठी मार्च उलटू देऊ नका. शुल्क १२ वर्षांवरील प्रत्येकाला ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राची सेवा-रक्कम वेगळी. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा, १० वर्षांच्या आत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला असावा. दुसरे शेंगेन देशही फिरणार असाल तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. स्वित्झर्लंडमध्ये ६ रात्री आणि फिनलंडमध्ये ३ असतील, तर फिनलंडकडे अर्ज करून उपयोग नाही. एकाच पालकाबरोबर मूल जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो.

सामानात आपण सगळ्यात जास्त चुकतो ते खाण्याच्या पिशवीत. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या, पनीर हे सगळं घरीच. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी फळं त्यातून वगळली आहेत, आंबा नाही. तेव्हा नातेवाइकांसाठी हापूसची पेटी घेऊन निघू नका. कढीपत्त्याची जुडीही नको. तेलातले ठेपले, चिवडा, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा, मसाले यांना अडचण नाही.

कपडे थरांचे घ्या: सुती टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जाड थर्मल आणि बर्फाचे बूट हे ओझं आहे. त्याऐवजी प्रत्येकासाठी झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या. खोलीला जाड पडदे असले तरी फटीतून ऊन येतंच, आणि रात्री अकराला उन्हात खेळणारं मूल झोपायला तयार होत नाही. आपल्या दोन पिनांच्या गोल प्लगचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये चालतात, तीन पिनांसाठी अडॅप्टर लागतो.

हेलसिंकीहून वर

दिल्लीहून हेलसिंकीला थेट विमान आहे. मुंबई-पुण्याहून निघणारे बहुधा दिल्ली, आखात किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलतात. हेलसिंकी तुमचा शेंगेनमधला पहिला थांबा असेल तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवी नोंदणी पद्धत आली आहे. तिच्यात पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात, त्यामुळे रांगेला वेळ लागतो. पुढच्या विमानासाठी किमान अडीच तास मोकळे ठेवा. हेलसिंकी ते रोव्हानिएमी विमानाने सव्वा ते दीड तास.

मुलं बरोबर असतील तर आमचं मत रात्रीच्या रेल्वेला. सुमारे १२ तास लागतात, एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि खिडकीबाहेर रात्रभर उजेड असतो. सगळ्यांच्या ध्यानात न येणारी सोय अशी की ही गाडी पकडायला हेलसिंकी शहरात जायची गरज नाही. विमानतळाच्या तळघरातून लोकल घेऊन दहा मिनिटांत टिक्कुरिला स्टेशन गाठायचं. रात्रीच्या गाड्या तिथे थांबतात. दोन बर्थचे छोटे कक्ष असतात. वरच्या मजल्यावरच्यांना स्वतःचं शौचालय आणि शॉवर असतो, आणि तेच आधी संपतात. चार जणांच्या कुटुंबाने शेजारशेजारचे दोन घ्यावेत. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. खायचं मात्र बरोबर ठेवा, भोजनडब्यात शाकाहारी पर्याय थोडेच असतात.

मुक्काम शहरात की सांताच्या गावात?

सांताक्लॉज व्हिलेज शहराच्या मध्यापासून सुमारे ८ किलोमीटर उत्तरेला, महामार्ग ४ वर आहे. तिथली लाकडी घरं आणि काचेची इग्लू डिसेंबरमध्ये डोळे पांढरे करणाऱ्या दराने जातात. उन्हाळ्यात दर बरेच उतरतात, म्हणून मोह होतो. पण काचेच्या इग्लूत उन्हाळ्यात झोपण्याला अर्थ नाही: ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, उजेड मात्र अख्खी रात्र डोक्यावर आणि दुपारी आतली हवा तापते. लाकडी घर चालेल. त्यात सौना (गरम वाफेची खोली) आणि छोटं स्वयंपाकघर असेल तर उत्तम. मात्र संध्याकाळी दुकानं बंद झाली की तिथे सामसूम होते आणि किराणा घ्यायला शहरात यावं लागतं.

गाडी भाड्याने घेणार नसाल तर शहरातच राहा आणि स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. शहरातून गावाला ८ क्रमांकाची बस जाते, रेल्वे स्टेशनही तिच्या मार्गावर आहे. उन्हाळ्यात फेऱ्या कमी असतात; परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच पाहून ठेवा. सूर्य डोक्यावर असल्यामुळे संध्याकाळ झाल्याचं कळत नाही आणि बस हुकते. पर्याय सायकलचा. महामार्गाच्या कडेने वेगळा सायकलमार्ग आहे, शहरात सायकली भाड्याने मिळतात आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे अंतर जमतं. विमानतळ सांताच्या गावापासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे, पण तेवढ्यासाठी टॅक्सीचं किमान भाडंच भारी पडतं.

गाडी चालवायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. वाहतूक उजवीकडून आणि हेडलाइट भर दुपारीही चालू ठेवणं सक्तीचं. रेनडिअर रस्त्यावर येतात, आणि उन्हाळ्यात माश्या-डासांपासून सुटका म्हणून मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम येऊन उभे राहतात. एक दिसला की मागे आणखी असणार असं समजून वेग पूर्ण कमी करा. हॉर्नला ते दाद देत नाहीत. प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचा असतो. धक्का लागला तर ११२ वर कळवणं बंधनकारक आहे.

गावातले तीन-चार तास

गावात शिरायला तिकीट नाही. इथे कुंपण-फाटकाचा मामला नसून दुकानं, कार्यालयं, उपाहारगृहं आणि प्राण्यांचे वाडे असा मोकळा परिसर आहे, आणि प्रत्येकजण आपापला दर लावतो. 'प्रवेश मोफत' वाचून आलेल्यांचा खिसा इथेच हलका होतो. सकाळी साधारण ११ ला पोचा आणि दुपारी चारपर्यंत आटोपा. उन्हाळ्यात इथलं कामकाज संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास संपतं. सूर्याकडे बघून वेळ ठरवली तर बंद दार बघावं लागेल.

पहिलं काम सांताची भेट. मुलं ताजीतवानी असतानाच ते उरकावं. सांताक्लॉज ऑफिसमध्ये शिरलं की एका अंधाऱ्या वाटेने जाताना प्रचंड लंबक आणि दातेरी चाकं दिसतात. नाताळच्या एका रात्रीत जगभर पोचता यावं म्हणून सांता या यंत्राने पृथ्वीचं फिरणं मंद करतो, अशी त्यामागची कथा. मुलांना घाईने पुढे ओढू नका; अनेकांना सांतापेक्षा हे यंत्रच जास्त आवडतं. डिसेंबरमध्ये इथे तासन्‌तास ताटकळावं लागतं, जूनमध्ये बहुधा काही मिनिटांत आत घेतात.

भेट मोफत आहे. फोटो मोफत नाही. आत स्वतःचा कॅमेरा किंवा मोबाइल वापरायला मनाई असते. एल्फच्या (सांताच्या बुटक्या मदतनिसांच्या) पोशाखातले कर्मचारी फोटो काढतात आणि बाहेर पडताना पडद्यावर दाखवतात. छापील फोटोलाच ३५ युरोंच्या पुढे मोजावे लागतात, डिजिटल फोटो-व्हिडिओचा संच त्याहून महाग. घेतलाच पाहिजे असं बंधन नाही आणि नाही म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही. फोटो घ्यायचा की नाही हे आत शिरण्याआधी ठरवा, मुलासमोर काउंटरवर चर्चा नको.

भेट काही मिनिटांची असते आणि बोलणं बहुतेक इंग्रजीत. मूल बुजरं असेल तर एक प्रश्न आधीच पाठ करून न्या. 'उन्हाळ्यात तुम्ही काय करता?' हा उत्तम चालतो. बर्फ का नाही, हा प्रश्न तर मुलं विचारणारच. सांता सुट्टीवर आहे, पत्रं वाचतोय, रेनडिअर रानात चरायला गेलेत, ही तयारी घरूनच करून ठेवलेली बरी.

आणि आता सगळ्यात नाजूक मुद्दा. या गावात सांता दोन ठिकाणी भेटतो: एक सांताक्लॉज ऑफिसमध्ये, दुसरा ख्रिसमस हाउस नावाच्या इमारतीत. पाच-सात वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात दोन वेगळे सांता दाखवले की पुढची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. एकच निवडा. याशिवाय सांतापार्क नावाचं डोंगराच्या पोटातलं १९९८ चं मनोरंजन उद्यान जवळच आहे. त्याचा मुख्य हंगाम हिवाळ्याचा. नावाच्या सारखेपणामुळे लोक तिकीटं आणि वेळा यांची गल्लत करतात, तेव्हा बुकिंग करताना नाव नीट वाचा.

टपाल कार्यालय

आम्हाला विचाराल तर गावातली सर्वांत खरीखुरी जागा हीच. फिनलंडच्या टपाल खात्याचं हे चालतं कार्यालय आहे आणि जगभरातून सांताच्या नावाने येणारी पत्रं इथेच उतरतात. पत्ता साधा आहे: सांताक्लॉज, सांताक्लॉज मेन पोस्ट ऑफिस, ९६९३० नापापीरी, फिनलंड. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी मुलांकडून इथे पत्र लिहून घेतलं, तर प्रत्यक्ष टपालाचे ढीग बघताना त्यांना त्याचा अर्थ लागतो.

पत्रं टाकण्याच्या पेट्या दोन. एकीतली त्याच वेळी रवाना होतात. दुसरी, लाल पेटी, नाताळसाठीची; तिच्यातली पत्रं राखून ठेवतात आणि डिसेंबरमध्ये पाठवतात. जूनमध्ये गेलेल्यांनी या लाल पेटीचा फायदा घ्यावाच. मुलाला न कळू देता त्याच्याच नावाने कार्ड टाका, ते नाताळच्या सुमारास घरी येतं. दोन्ही पेट्यांतल्या पत्रांवर आर्क्टिक वृत्ताचा (उत्तर ध्रुवाभोवतीच्या अक्षवृत्ताचा) खास शिक्का बसतो. पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, पिनकोड सुटा आणि खाली देशाचं नाव. पावसाळ्यात टाकलेली कार्डं आपल्याकडे भिजून येतात, म्हणून शाईचं पेन न वापरता बॉलपेन वापरा. लिहायला बसायला टेबलं आहेत. अर्धा तास तरी इथे जातो.

रेषा आणि एक जुनी झोपडी

आर्क्टिक वृत्ताची रेषा गावाच्या मधोमध जमिनीवर आखलेली आहे. तिच्यावर एक पाय इकडे-एक पाय तिकडे असा फोटो सगळेच काढतात, आणि ही गोष्ट फुकट आहे. चौकस मुलांना एवढं सांगा: पृथ्वीच्या आसाचा कल किंचित बदलत असल्यामुळे खरं वृत्त दरवर्षी सुमारे १४-१५ मीटर उत्तरेला सरकतं. त्यामुळे आजची खरी रेषा या आखलेल्या रेषेच्या उत्तरेला आहे. वृत्त ओलांडल्याचं प्रमाणपत्र काही युरोंत मिळतं. पर्यटन माहिती केंद्रात हौसेचा शिक्काही मारून देतात, तो वहीत मारून घ्या. पासपोर्टवर अजिबात नको. असे अनधिकृत शिक्के पुढच्या एखाद्या सीमेवर नसती चौकशी ओढवून घेतात.

जवळच रूझवेल्ट कॉटेज आहे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रोव्हानिएमी जाळून टाकलं. युद्धानंतरची पुनर्बांधणी पाहायला जून १९५० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या. त्यांच्यासाठी आर्क्टिक वृत्तावर घाईघाईने लाकडी घर उभारलं गेलं, आणि पर्यटनाची सुरुवात तिथून झाली. सांताचं गाव म्हणून इथला कारभार सुरू झाला १९८५ मध्ये. त्याआधी फिनलंडमध्ये सांताचं घर रशियाच्या सीमेवरच्या कोर्व्हातुंतुरी डोंगरात मानलं जाई. १९२७ मध्ये रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमाने तसं जाहीर केलं होतं. तिथे पोचणं सोपं नाही, म्हणून सांताने कचेरी रस्त्याच्या कडेला उघडली, असा हिशेब.

रेनडिअर आणि हस्की: अपेक्षा किती ठेवायची

घसरगाडी नाही, बर्फावरची मोटारसायकल नाही, बर्फाचं हॉटेल नाही. रेनडिअरच्या वाड्यात जाऊन त्यांना खाऊ घालता येतं. जूनमध्ये ते चित्रातल्यासारखे दिसत नाहीत: हिवाळी केस पुंजक्यांनी गळत असतात आणि नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढत असतात. त्या शिंगांत रक्तवाहिन्या असतात आणि स्पर्श कळतो. शिंगांना हात लावू नये हे मुलांना आत जाण्याआधी बजावा. गाडी ओढणाऱ्या हस्की कुत्र्यांना भेटता येतं, पण उष्ण हवेत त्यांना पळवत नाहीत. दाट केसांमुळे त्यांचं अंग लवकर तापतं. ज्यांना शिंगं, कुत्री, गाडी हे सगळं पळताना बघायचं आहे त्यांनी हिवाळ्यातच यावं, दुसरा इलाज नाही.

मध्यरात्रीचा सूर्य नेमका कसा गाठायचा

इथे बहुतेक जण दोन गोष्टींत फसतात. पहिली वेळेची. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य सर्वांत खाली, असं इथे नाही. फिनलंडची उन्हाळी वेळ सूर्याच्या पुढे धावते, त्यामुळे रोव्हानिएमीत सूर्य सर्वांत खाली असतो तो रात्री १ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. दुसरी उंचीची. शहर अगदी वृत्ताजवळ असल्यामुळे त्या वेळी सूर्य क्षितिजाला जेमतेम चिकटलेला असतो. शहरातल्या रस्त्यावरून किंवा नदीकाठावरून झाडांच्या मागे तो दिसतच नाही, आकाश फक्त केशरी होतं आणि लोक 'सूर्य मावळला की' म्हणत परत फिरतात.

त्यासाठी औनासव्हारा टेकडीवर चढा. शहराच्या मध्यापासून ती सुमारे तीन किलोमीटरवर आहे, वर निरीक्षण मनोरा आहे आणि उत्तरेचं क्षितिज मोकळं मिळतं. साडेबाराला वर पोचा, दोनपर्यंत थांबा. जाकीट, टोपी आणि थर्मासमध्ये चहा हवाच; वारा असतो आणि थंडी वाजते. ढग असतील तर दुसऱ्या रात्रीवर ढकला, म्हणून मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा. लहान मुलांना संध्याकाळी सात ते अकरा झोपवून मग उठवणं हे 'जागं ठेवू' या बेतापेक्षा बरं चालतं. भारतापेक्षा घड्याळ अडीच तासच मागे असल्याने जेटलॅगचा फार त्रास नसतो.

डास

गावातल्या फरसबंद भागात त्रास कमी. जंगलात, दलदलीजवळ आणि वारा पडलेल्या संध्याकाळी मात्र ढगासारखे येतात. मागाहून चिलटांसारख्या चावऱ्या माश्या येतात, त्या कपड्यांच्या घडीत शिरतात. मच्छर पळवणारं औषध तिथल्या दुकानातूनच घ्या, ते तिथल्या डासांसाठीच असतं. फिकट रंगाचे, सैल, लांब बाह्यांचे कपडे. पँट मोज्यात खोचलेली. जंगलात जाणार असाल तर डोक्यावरून ओढायची जाळी. अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंग्जमधून डास सहज चावतात.

खाणं

मुलाने रेनडिअरला खाऊ घातल्यावर शेजारच्या उपाहारगृहात रेनडिअरच्याच मांसाची थाळी मिळते. मेन्यू आधी तुम्ही वाचा. पाकिटांवर आणि मेन्यूत 'लिहा' म्हणजे मांस, 'काला' म्हणजे मासा, 'काना' म्हणजे कोंबडी, 'कानानमुना' म्हणजे अंडं, 'पोरो' म्हणजे रेनडिअर. 'व्हेगानी' लिहिलेलं निर्धास्त घ्या. राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली करेलियन पेस्ट्री पोटभरीची असते, पण तिच्यावर बऱ्याचदा उकडलेलं अंडं-लोणी फासतात. ते नको म्हणून सांगा. दालचिनीचे बन आणि ब्लूबेरीचा पाय सगळीकडे मिळतो. शहरात भारतीय-नेपाळी जेवण मिळतं. नळाचं पाणी निःशंक प्या, बाटल्या विकत घेऊ नका. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये गेलात तर जंगलातल्या बेरी कुणीही खुडून खाऊ शकतं. तो तिथला कायदेशीर हक्क आहे. शेकोटीला मात्र जमीनमालकाची परवानगी लागते आणि वणव्याचा इशारा असेल तर ती मिळूनही उपयोग नाही.

उरलेले दोन दिवस

अर्क्टिकुम हे उत्तर ध्रुवीय प्रदेशाचं संग्रहालय नदीकाठी आहे. १७२ मीटर लांबीच्या काचेच्या मार्गिकेभोवती दालनं आहेत. अडीच तास द्या, पावसाच्या दिवशी तर हाच बेत. शेजारी पिल्के हे जंगलाविषयीचं विज्ञान केंद्र आहे, तिथे मुलांना हात लावून खेळता येतं. कोरुंडी कलासंग्रहालयासह तिघांचं एकत्र तिकीट मिळतं. वास्तुरचनेत रस असेल तर फिनिश वास्तुविशारद अल्व्हार आल्टोचं ग्रंथालय बघा. जळलेल्या शहराचा नवा आराखडाही त्यानेच केला, रस्त्यांची रचना रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराची.

पूर्ण दिवस हाती असेल आणि गाडी असेल तर दक्षिणेला ८० किलोमीटरवरचं रानुआ प्राणी उद्यान. ध्रुवीय अस्वलं, लांडगे, लिंक्स लाकडी पायवाटेवरून दिसतात. भर दुपारी प्राणी सावलीत झोपतात, म्हणून उघडण्याच्या वेळेलाच पोचा. गाडी नसेल तर औनासव्हारावरच्या जंगलवाटा पुरेशा आहेत.

तीन दिवसांचा साधा क्रम असा बसतो. पहिल्या दिवशी सकाळी रेल्वेने पोचून सामान ठेवा, अर्क्टिकुम, संध्याकाळची झोप आणि रात्री टेकडी. दुसऱ्या दिवशी आरामात उठून ११ ते ४ सांताचं गाव, संध्याकाळी नदीकाठ. आदल्या रात्री ढग असतील तर पुन्हा टेकडी. तिसऱ्या दिवशी रानुआ किंवा जंगल आणि संध्याकाळची परतीची गाडी.

खरेदी ४० युरोंच्या पुढे गेली की करपरताव्याची पावती मागा, आणि ती वस्तू न वापरता विमानतळावर दाखवा. लाकडी मुठीचे मार्टीनी सुरे इथलेच. १९२८ पासून रोव्हानिएमीत बनतात. घेतले तर चेक-इन सामानातच, आणि करपरताव्याचा शिक्का बॅग सोडण्याआधी. फिनलंडनंतर युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाणार असाल तर हा शिक्का हेलसिंकीत मिळत नाही, युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर घ्यावा लागतो.